बहात्तर तास

टोर्सहाव्नच्या धक्क्यावर, मासळीच्या शीतगृहाच्या माडीवर
आमची बैठक भरते. इतिवृत्त मी लिहिते.
तिघं खोलीत, आठजण पडद्यावर,
कुणाच्या पाठीमागे सकाळ, कुणाच्या पाठीमागे मध्यरात्र,
आणि मुद्दा तोच, मागच्या लोकरकातरणीपासूनचा:

सामुद्रधुनीतला प्रवाहमापक वादळात गप्प झाला
तर आपल्या प्रोग्रॅमनं काय लिहायचं?

सध्या तो शून्य लिहितो.
आमच्या लेखी शून्य म्हणजे ‘माहीत नाही’.
सुकाणूवरच्या माणसाच्या लेखी शून्य म्हणजे
पाणी निवलंय, जा खुशाल.
जानेवारीत दोन होड्या अशा खुशाल गेल्या.
परत आल्या, पण एकीचा कठडा राहिला तिकडेच.

रानवा म्हणाली, अंदाज भरा.
चंद्र काही संपावर गेलेला नाही,
हिशेब करा, आकडा टाका, आजच.
हानुस म्हणाला, सगळ्यांना विचारू.
बहात्तर तास. हरकत आली नाही, तर होकार.
नियम त्यानंच लिहिला होता, केस काळे असताना.

सत्तराव्या तासाला बुसानहून शंका आली, दशांशचिन्हाबद्दल.
घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.
मग ख्रिसमस. मग कुणाचं बाळंतपण.
मग दशांशचिन्हावरच एक उपसमिती.

घोंगडं भिजत पडलं.
या बेटांवर ते वाळत घालायलाही ऊन नसतं.

रानवानं वेगळी चूल मांडली.
आमचाच प्रोग्रॅम उचलला (तशी मुभाच आहे, कुणालाही)
आणि एका रात्रीत करून दाखवलं
जे आम्हा अकरा जणांना आठ महिने जमलं नव्हतं.
तिच्या पडद्यावर शून्याच्या जागी आकडे आले,
नीटनेटके, आत्मविश्वासानं भरलेले.
फेब्रुवारीत त्यांतला एक चाळीस मिनिटांनी चुकला.
होडीवर तिचा भाऊ बोआरूर होता.
हे तिनं मला सांगितलं कॉफी ढवळत.
कप केव्हाचा रिकामा होता.

मार्चमध्ये तिसरी फेरी. ठराव: अंदाज भरावा.
रानवा बैठकीला आली, काही बोलली नाही.
वाल्दिव्हियाचा एलिसेओ, तोही नाही.
मी लिहिलं: मौन, मौन. म्हणजे होकार, होकार.
एकमतानं मंजूर.
टाळ्यासुद्धा वाजल्या, थोड्या उशिरानं,
तारांमधून यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या.

सप्टेंबरात एलिसेओचं पत्र आलं.
‘मार्चभर मी दवाखान्यात होतो, फुप्फुसात पाणी.
शुद्धीत असतो तर नाही म्हणालो असतो.
यंत्र गप्प झालं की तुम्ही आकडा भरता,
माणूस गप्प झाला की होकार.
चूक एकच आहे, दोनदा केलेली.’

हानुसनं पत्र दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही.
खाली क्रेननं बर्फाची पेटी आदळली
आणि आम्ही सगळे उगाच खिडकीकडे पाहिलं.

रानवा म्हणाली, रिकामं ठेवू या.
माहीत नाही तिथे एक आडवी रेघ.

इतिवृत्तात नोंद आहे:
लागलेला काळ, वीस महिने.
बदललेली अक्षरं, एक.
बोआरूर सांगतो, पडद्यावर रेघ दिसली
की तो इंजिन मंद करतो
आणि काच खाली करून पाण्याकडे बघतो,
आजोबा बघायचे तसं. शिव्या आम्हाला घालतो,
पण बघतो.

आता शेवटचा विषय, हानुसनंच मांडलेला:
यापुढे मौन हा होकार धरू नये.
प्रचलित नियमानुसार, हरकतीसाठी बहात्तर तास.

एकसष्ट झालेत.
अजून कुणीच काही बोललेलं नाही.
नावांपुढच्या अकरा जागा माझ्यासमोर आहेत
आणि पेनाचं टोपण अजून काढलेलं नाही मी.